काकू बागेत दिसतात म्हणे

सापळा रिकामा होता आणि पतंग कानाशी भिरभिरत होते. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत, आणि मापकाकांचा संशय सापळ्यावर होता.

मापकाका वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात गेला. ते दुकानात शिरले की दुकानदार आधी काट्याखालचं काहीतरी काढून खिशात घालायचा आणि मग हसून खुर्ची पुढे करायचा. त्यामुळे खोटं मोजणारी वस्तू दिसली की ती तपासल्याशिवाय त्यांना राहवत नसे. गल्लीतले सगळे त्यांना मापकाका म्हणत. तोंडावर म्हणत, त्याअर्थी प्रेमाने म्हणत असावेत असं काका धरून चालले होते.

घरामागची सफरचंदाची बाग काकूंची. काकू थंडी सरता सरता गेल्या, आणि झाडांना हे कुणी कळवलं नसल्यामुळे ती वेळेवर फुलली. फुलं गळाली, बारीक फळं धरली. आता सापळे लावायला हवे होते आणि लावणारं माणूस नव्हतं. काकांनी ठरवलं, आपण लावू. त्यात काय आहे? मोजायचंच तर आहे.

सापळा म्हणजे पुठ्ठ्याचा छोटा तंबू. तळाला चिकट कागद, मध्ये रबराची एक लालसर गोळी. त्या गोळीला मादी पतंगाचा वास असतो. माणसाच्या नाकाला तो येत नाही, पण नर पतंग लांबून त्या वासावर येतो, आत शिरतो आणि चिकटतो. असे किती चिकटले ते बघायचं. आकडा वाढला की समजायचं, आता अंडी पडणार, अळ्या निघणार. त्या फळात शिरायच्या आत फवारणी करायची. अळी एकदा आत गेली की बाहेरून फळ छान लाल होतं, आणि चावा घेणाऱ्यालाच काय ते कळतं. थोडक्यात, सगळी बाग त्या एका आकड्यावर उभी. सरकारी कागदात याला ‘कामगंध सापळा’ म्हणतात. काका तो शब्द उच्चारत नसत. आयुष्यभर सभ्यपणे वागलेल्या विधुराने सरकारी खिडकीपाशी उभं राहून ‘मला सहा कामगंध द्या’ म्हणणं त्यांना बरं दिसेना. ते ‘ते पुठ्ठ्याचे’ म्हणत आणि बोटाने दाखवत.

सापळे तपासायला ते दिवस मावळताना जात. सकाळी गेलं तरी चालतं, खरं म्हणजे. पण काकू त्या वेळी जायच्या, आणि त्या वेळी घरात एकट्याने बसणं काकांना जमत नव्हतं. एवढंच कारण.

जाताना अंगात काकूंचा कोट. लेक येऊन आईचे सगळे कपडे बांधून घेऊन गेली होती. हा तेवढा राहिला, कारण मागच्या दारामागे खिळ्यावर लटकणाऱ्या त्या पांढुरक्या, लांब, टोपीवाल्या कोटाला कपडा म्हणावं असं तिला वाटलं नसेल. बागेतल्या कामाचा तो. काकांचा बांधा काकूंएवढाच. लग्नाच्या फोटोतही हे दिसतं आणि लोकांनी त्या वेळी ते बोलूनही दाखवलं होतं. कोट त्यांना अगदी बरोबर बसला. संध्याकाळचा वारा बोचरा, म्हणून ते टोपीही ओढून घेत.

तर असे ते झाडाझाडाशी जात. चष्मा सरकवून सापळ्यात बघत. रिकामा. पुढचा. रिकामा. आणि या सगळ्या वेळात मागे, कानामागे, मानेमागे, एक बारीक फडफड चालू असायची. कुणी बोटाची टोकं एकमेकांवर घासावी तशी. ते वळले की तीही वळायची. ते थांबले की जरा जवळ यायची.

“सापळे खोटे आहेत,” काकांनी फळबाग कार्यालयाच्या खिडकीवर सांगितलं.

खिडकीतला माणूस जेवणाचा डबा पुसत होता. “किती पतंग पडले?”

“एकही नाही.”

“मग अभिनंदन. बाग स्वच्छ आहे.”

“अहो, पण पतंग आहेत! माझ्या कानात जातात.”

“कानातला धरत नाहीत, काका. सापळ्यातला धरतात.”

“आणि सापळाच खोटा असेल तर?”

“सापळा कसा खोटा असेल? रिकामा आहे ना? म्हणजे पतंग नाहीत. पतंग नाहीत म्हणून तर रिकामा आहे.”

या युक्तिवादावर काकांच्या खात्यातलेही दोन-तीन वरिष्ठ खूश झाले असते. काकांनी नवीन सापळे मागून घेतले. ते लावले. तेही रिकामे. मग ते पुन्हा गेले. खिडकीतल्या माणसाने या वेळी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि फार हळुवार आवाजात विचारलं, “घरी कोण असतं तुमच्याबरोबर?” काका स्टुलावर न बसता परत आले. कीड बघणाऱ्या मॅडम दौऱ्यावर होत्या; त्या आल्या की पाठवतो, असं मात्र त्याने कबूल केलं. वेड्याचं समाधान करावं तसं.

गल्लीतून सल्ले यायला लागले. समोरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, सापळे उंच बांधा. दूधवाला म्हणाला, खाली बांधा. इस्त्रीवाल्याने तर चुलत्याच्या बागेचा दाखला देऊन सांगितलं की सापळे काढून शेजाऱ्याच्या बागेत बांधले तर सगळी कीड तिकडे जाते. शेजारी कोण, तर मावशी. आणि मावशी तिथेच इस्त्रीचे कपडे मोजत उभ्या होत्या. त्या एरवी इस्त्रीवाल्याला सोलून काढत्या. पण त्या नुसत्या काकांकडे बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, “काका, जेवता ना वेळेवर?”

हे काहीतरी निराळंच चाललं होतं. दूधवाला पूर्वी संध्याकाळचं दूध मागच्या दाराशी आणून द्यायचा. आता पुढच्या पायरीवर ठेवून पळायचा. काका बागेत उतरले की दातांच्या डॉक्टरांची वरची खिडकी बंद व्हायची. मग शेजारची. मग तिच्या पलीकडची. एकामागून एक, आवाज न करता, कुणी झोपलेलं मूल उठू नये म्हणून लावावी तशी. एका कोपऱ्यावरच्या कुत्र्याने काकांना बघून शेपूट आत घेतली आणि ते भिंतीला घासत निघून गेलं. वजनमाप खात्यात असतानाही इतका दरारा नव्हता.

फक्त मावशी कुंपणाशी असायच्या. अंधार पडता पडता त्यांचा आवाज यायचा, सुनेबद्दल, गुडघ्याबद्दल, गॅसच्या शेगडीबद्दल. मध्ये मध्ये थांबून, पुन्हा. फोनवर बहिणीशी बोलत असतील, असं समजून काका त्यांच्याकडे पाठ करायचे आणि दुसऱ्या ओळीत निघून जायचे. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये. एवढी रीत त्यांना कळत होती.

शेवटी डॉक्टरांनीच विषयाला तोंड फोडलं. काकांची दाढ बघायला तोंड उघडून ठेवलं होतं. उलट प्रश्न येण्याचा धोका नव्हता, म्हणून असेल.

“काका, एक सांगू? मनाला लावून घेऊ नका. काकू दिसतात.”

“आँ?”

“बागेत. रोज संध्याकाळी. तोच पांढरा कोट. झाडापाशी थांबतात, सापळा बघतात, पुढे जातात. आणि त्यांच्या भोवती...” डॉक्टरांनी हातातला आरसा हवेत गोल फिरवला. “धूर म्हणावा तर धूर नाही. हलतं काहीतरी. त्यांच्याबरोबर चालतं. आमची ही तर खिडकीकडे जातच नाही आता. बंद करा तोंड.”

काकांनी तोंड बंद केलं, दाढ तशीच ठेवली आणि थेट मावशींचं दार गाठलं.

“मावशी, खरं सांगा. ही तुम्हाला दिसते?”

मावशींनी आधी त्यांना आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. मग पदर डोळ्याला लावला. “दिसतात हो. पण माझ्यावर रागावल्यात. मी एवढं बोलते, सगळं सांगते पूर्वीसारखं, आणि त्या पाठ फिरवून निघून जातात. मी काय केलं असेल, तुम्हाला काही बोलल्या होत्या का?”

“किती वाजता येते?”

“दिवस मावळला की. सापळे बघत फिरतात ना.”

“पण त्या वेळी बागेत मी असतो!”

मावशींचा हात पदरावर थांबला. “तुम्ही? तुम्ही कुठे असता? काकू गेल्यापासून संध्याकाळचं तुम्हाला बागेत कुणीच बघितलं नाही. आम्हाला वाटतं, घरात बसून असता.”

काका घरी आले आणि बेसिनवरच्या आरशात बघितलं. होते. पण त्याने समाधान होईना. आपणच आपल्याला बघितलं याला पुरावा म्हणत नाहीत. दुकानदाराने स्वतःचा काटा स्वतः तपासलेला खात्यात चालत नाही. रोज संध्याकाळी बागेत ते जातात, आणि सगळ्या गल्लीला तिथे दिसते ती. मग ते कुठे जातात?

पण भीतीपेक्षा मोठं काही दुसरंच होतं, आणि ते त्यांनी रात्री लेकीला फोनवर सांगितलं. म्हणजे सांगायचा प्रयत्न केला.

“लोक म्हणतात आई बागेत दिसते.”

लेकीने जपून विचारलं, “बाबा, तुम्हाला दिसते?”

“नाही. मावशींना दिसते.”

“मग ठीक आहे,” लेक सुटकेने म्हणाली.

काकांना ते अजिबात ठीक वाटलं नाही. डॉक्टरांना दिसते. डॉक्टरांच्या बायकोला दिसते, जिच्याशी हिचं कधी पटलं नाही. दूधवाल्याला दिसते! ज्याच्या दुधात पाणी आहे हे हिने स्वतः काकांकडून मोजून घेतलं होतं, त्याला ही दर्शन देते, आणि ज्याच्याबरोबर सगळं आयुष्य काढलं त्याच्या समोरून जाते आणि त्याला दिसत नाही. त्यांना दुसरं काही नको होतं. एकदा बघायचं होतं. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात नळ्या, पट्ट्या, मास्क यांतून ती नीट दिसलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली. कोट घातला, टोपी ओढली आणि सापळे न बघता थेट कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. खिडक्या मिटत गेल्या. कुंपणाशी मावशींचा आवाज आला आणि थांबला. उजेड असा गेला की झाडं होती तिथेच राहिली, फक्त त्यांच्यामधली जागा गडद झाली. फडफड आली, वाढली, पाठीवर बसल्यासारखी झाली. काका हलले नाहीत. ओळीच्या टोकाकडे बघत राहिले, जिथून ती यायची. हात गारठले, पाय गारठले. कुणी आलं नाही.

सकाळी मावशी कुंपणाशी वाटच बघत होत्या. त्यांचे डोळे सुजलेले.

“काल किती वेळ उभ्या होत्या हो! त्या कोपऱ्यातल्या झाडाखाली. कुणाची तरी वाट बघितल्यासारख्या. मला तर बघवेना.”

“मी तिथेच होतो, मावशी. त्याच झाडाखाली.”

“मग शेजारी उभ्या असतील आणि तुम्हाला कळलं नाही,” मावशी म्हणाल्या. “संसारात तरी कुठे कळत होतं तुम्हाला.”

काका घरात गेले आणि दिवसभर ते वाक्य उलटसुलट तोलत राहिले.

त्याच संध्याकाळी मॅडम आल्या. कीड बघणाऱ्या. तरुण, पायात चिखलाचे बूट, खांद्याला पिशवी. पतंग उडतात तीच वेळ साधून आल्या होत्या. काका बागेतच होते. मॅडम ओळीतून चालत आल्या आणि एकदम थांबल्या.

“काका,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “हलू नका.”

काका होते तसे थांबले. “आली?” त्यांनी विचारलं. “माझ्या मागे आहे का?”

“मागेच आहेत. पाठीवर, टोपीवर, खाली घेरावर. सगळीकडे.” मॅडमनी टॉर्च लावला. “बाप रे. काका, सापळे रिकामे कसे नसतील? तुमच्या अख्ख्या बागेचा आकडा तुमच्या पाठीवर बसलाय!”

स्वयंपाकघरात कोट टेबलावर पसरला. खिडकीच्या काचेवर बाहेरून बारीक राखी पतंग येऊन आपटत होते, आणि त्यांची सावली कोटावर हलत होती. मॅडमनी खिशात हात घातला. बोटं खिशातून खाली गेली, खिसा फाटका. त्यांनी कात्री मागितली, खालच्या घेराचं अस्तर उसवलं, आणि फरशीवर टपटप गोळ्या पडल्या. रबराच्या, लालसर, काही विटून पांढऱ्या पडलेल्या. वर्षानुवर्षांच्या.

“जुनी गोळी बागेत टाकायची नसते,” मॅडम म्हणाल्या. “टाकली तर पतंग तिच्याकडे जातात, सापळ्याकडे येत नाहीत. हे मीच काकूंना सांगितलं होतं. त्यांनी एकही टाकली नाही. सगळ्या खिशात ठेवल्या.”

“पण मग ती होती तेव्हा सापळे बरोबर कसे मोजायचे?”

मॅडमनी फाटका खिसा उलटा करून बघितला. “मागच्या मोसमाच्या शेवटी पुरता फाटला असेल. आधी त्या घरी येऊन खिसा रिकामा करत असतील. हा शेवटचा ढीग... आणि विटलेल्या या आधीच्या बारीक भोकातून एकेक निसटलेल्या असतील, त्यांना आता फारसा वास उरलेला नसतो. या वर्षी तुम्ही काढलेल्या आणि उरलेल्या गोळ्या कुठे ठेवत होता?”

“खिशात,” काका म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी समजावून सांगितलं. गोळ्या काढल्या तरी भागणार नाही. वास कापडात मुरलाय, धुऊन जाणार नाही. कोट या घरात असेपर्यंत सापळे खोटंच सांगणार. फळं आता बोराएवढी झाली आहेत, फवारणीची वेळ आजउद्यावर आली असेल किंवा टळत असेल, आणि खरा आकडा मिळाल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. “उद्या सकाळी आमची गाडी येते. मी पिशवीत बांधून नेते आणि जाळायला देते. नाहीतर यंदाचं सगळं फळ आतून जाईल, काका. काकूंनी लावलेली झाडं आहेत.”

“हा वास आपल्याला येत नाही म्हणता?”

“नाही येत.”

काकांनी कोट उचलून नाकाशी धरला. त्यांना एक येत होता. पण तो पतंगांसाठी नव्हता. “घेऊन जा सकाळी,” ते म्हणाले.

आता मावशींना सांगणं आलं. दुसरं कुणी असतं तर टाळलं असतं. पण खोटं माप माहीत असताना चालू द्यायचं, हे काकांना जमणारं नव्हतं. मॅडम गेल्या तसे ते कोट हातावर टाकून कुंपणाशी आले. बाहेर अजून पुसटसा उजेड होता. सगळं सांगितलं, गोळ्यांपासून.

मावशी ऐकत राहिल्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू तांबडा झाला.

“म्हणजे एवढे दिवस मी हे सगळं तुम्हाला सांगत होते?”

“मी काही ऐकलं नाही. मला वाटलं, तुम्ही फोनवर बोलताय.”

“सुनेचं? गुडघ्याचं?”

“शेगडीचं तेवढं कानावर आलं. बर्नर साफ करून घ्या.”

“अहो, मी रडले तुमच्यासमोर! आणि तुम्ही पाठ फिरवून गेलात!” मावशी संतापाने कुंपणाची तार हलवत होत्या, मग मध्येच त्यांना हसू फुटलं, आणि ते हसू अर्ध्यावर निराळ्याच वाटेने गेलं. त्यांनी नाक पुसलं. “जाऊ दे. पण गल्लीतल्या सगळ्यांनी बघितलं, काका. तुम्ही तेवढे राहिलात.”

“मला कसं दिसणार? मीच तर आत होतो.”

मावशींनी त्यांच्या हातावरच्या कोटाकडे बघितलं. मग तारेवरून हात पुढे केला. “द्या इकडे तो.”

“कशाला?”

“द्या म्हणते ना. आणि मागच्या पायरीवर जाऊन बसा.”

मावशी अंगाने दुप्पट. कोट खांद्यावर चढला पण पुढे बटण लागेना; काकांनी ते पायरीवरून बघितलं आणि मान खाली घातली. हे काही व्हायचं नाही. मावशी टोपी ओढून, तोंडाने काहीतरी पुटपुटत, पहिल्या झाडाशी गेल्या. दोन-तीन पतंग आले. मग आणखी. काकांनी वर बघितलं तेव्हा घेराची कड दिसेनाशी झाली होती. राखी, बारीक, हलतं काहीतरी चारी बाजूंनी येऊन तिला मिळत होतं, आणि त्याने खांदे गेले, मावशींचं अंग गेलं, चालणं तेवढं राहिलं. पांढुरकी एक बाई दुसऱ्या झाडाशी गेली. वाकून सापळ्यात बघितलं. सरळ होताना कमरेला हात लावला.

समोर डॉक्टरांची खिडकी मिटली. खिडक्या का मिटतात ते काकांना आज कळलं. त्यांच्या अंगावर काटा आला होता, दात वाजत होते, आणि तरी कुणी ओढून नेलं असतं तरी ते त्या पायरीवरून उठले नसते.

त्यांना सगळं माहीत होतं. कोट कुणाच्या अंगात आहे, पतंग कशाला आलेत, वास कुठे मुरलाय. सगळं.

“अगं,” ते म्हणाले.

ती तिसऱ्या झाडाशी थांबली.

“अगं, फळ बरं धरलंय यंदा. तुझ्या त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यालासुद्धा. मी सापळे लावले होते, पण जरा घोळ झाला. होईल नीट.” त्यांनी घसा साफ केला. “लेक नेमाने फोन करते. पाण्याच्या टाकीचा बॉल बदलला. दवाखान्यात तू काहीतरी म्हणाली होतीस, मास्कमधून. मला ऐकू आलं नाही. मी हो म्हणालो. काय होतं माहीत नाही, पण हो म्हणालो आहे.”

ती तशीच उभी होती. भोवतीचं ते राखी हलणं झाडाच्या खोडावरून वर चढत होतं आणि उतरत होतं. काका बोलत राहिले, आधी अडखळत, मग एका लयीत, अगदी किरकोळ गोष्टी, संध्याकाळी माणूस घरात बोलतो त्या. मग गारवा उतरला. गारव्यात पतंग उडत नाहीत. ते एकेक करून पानांत बसले, आणि धुकं विरावं तशी तिची कड परत आली. आधी खांदे, मग न लागलेलं बटण. तिसऱ्या झाडाशी मावशी उभ्या होत्या, टोपीतून तोंड काढून, डोळे पुसत.

त्या हळूहळू पायरीपाशी आल्या. कोट काढायला त्यांना वेळ लागला. एका बाहीत हात अडकला होता.

“झालं बोलून?” त्यांनी विचारलं.

“नाही. गाडी सकाळी येते,” काका म्हणाले, आणि कोट घ्यायला हात पुढे केला.